सेलिनाची खुर्ची

४ मार्च १८१७, चेल्टनहॅम
दुपारी पोचले. स्वच्छ ऊन होते. दारात मिस्टर लॅडब्रुक स्वतः उभे होते. माझी धाकटी बहीण सेलिना गेली आणि तिच्या नवऱ्याने घर सांभाळायला मला बोलावले, हा त्यांचा चांगुलपणाच. भावाकडे मी स्वयंपाकघरातल्या टेबलाचा कोपरा मोकळा करून पत्रे लिहीत असे. इथे मला सेलिनाची खोली मिळाली. तिचे लिहिण्याचे मेज शिसवी, कडेने पितळेची बारीक नक्षी, वर हिरवे कातडे. खुर्चीचे पाय तलवारीसारखे बाहेर वळलेले. शेजारी तशीच एक खुर्ची आहे, ती मिस्टर लॅडब्रुक यांच्या पहिल्या पत्नीची. मेजाशी बसले आणि बरे वाटले. इतक्या लवकर वाटायला नको होते.

७ मार्च
मिस्टर लॅडब्रुक यांच्याकडे सेलिनाचे थोडे केस मागितले, ब्रोचमध्ये काचेखाली बसवून अंगावर ठेवायला. माझ्याकडे तिचे काहीच नाही. तिला पुरल्यावर मला पत्र आले. ते म्हणाले, एक बट कुठेतरी ठेवली आहे, शोधतो. तुझीही दे, दोघींची मिळून वेणी करून घेऊ. मी जाडशी बट कापून दिली. घरकाम बघणाऱ्या टिपेटबाई म्हणाल्या, जरा कमी द्यायची होती, बाई. इथे दिलेलं परत येत नाही.

११ मार्च
उठले की खुर्ची भिंतीशी लावायची, ही आमच्या आईची शिस्त. सकाळी ती पुन्हा खोलीच्या मध्यावर असते. मिस्टर लॅडब्रुक हसून म्हणाले, प्रिसिला, तू अजून आजीच्या काळात आहेस. हल्ली खुर्च्या कशा, बायका गप्पा मारत बसल्यासारख्या दिसायला हव्यात.

१५ मार्च
खुर्ची ढकलताना बैठकीची शिवण उसवली. अशा बैठकीत घोड्याचे राठ केस भरलेले असतात. हे मऊ आहेत. तांबूस. लहानपणी मी सेलिनाच्या डोक्याला लावायची त्या तेलाचा वास येतो.
पहिल्या पत्नीच्या खुर्चीची शिवण मीच उसवली. आत सोनेरी, सरळ.
टिपेटबाई इस्त्री करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, बसायच्या वस्तूवर बसावं, बाई. आत बोटं घालू नयेत.

१८ मार्च
भावाचे उत्तर आले. मी परत येऊ का, विचारले होते. लिहितो की सुखात आहेस, कुरकुर करू नकोस. तुझी खाट मुलांच्या शिक्षिकेला दिली.

१९ मार्च
नवी खुर्ची आली. बैठक अजून रिकामी, नुसती चौकट. गादीवाल्याने तिच्यावर रेशमी कापडाचे तुकडे ठेवून पाहिले. रंग जुळवायला हातात एक बट धरली होती. माझी.

२० मार्च
ब्रोच आले. काचेखाली एकाच रंगाचे केस. सेलिनाचे नाहीत. मागे, जिथे गेलेल्या माणसाचे नाव कोरतात तिथे, प्रिसिला वेअर. खाली मार्च १८१७—
पुढचे दार बंद. टिपेटबाई म्हणतात, किल्ली साहेबांकडे—
मेज खोलीच्या दाराला लावले आहे. उभ्याने लिहिते. ते बाहेरून धक्काही देत नाहीत. शांतपणे म्हणतात, प्रिसिला, पितळेला ओरखडे पडतील—
सेलिनानेही ओरखडे—इथेच, कडेला, माझ्या हाताखाली आहेत—
पडदा हलला. त्याच्यामागे दार आहे, हे मला कुणीच—