दोन गावांमधली चाळीस मिनिटं

२२ एप्रिल, मंगळवार
सकाळी ज्योतीचा फोन. कॅनडाच्या पार वरच्या टोकाला, बर्फातल्या गावात नर्स आहे. नवरा सोडून गेला त्याला आज तीन आठवडे. जेवलीस का? तर "हं." ड्युटीवर गेलीस? "हं." खोटं बोलते. पोरगी माझी, मला कळतं.
सौ. म्हणाली, "आखाजी उनी. भूषणले मुराळी धाडा."
भूषण थोरला. तोही तिकडेच, दुसऱ्या गावी खाणीवर इलेक्ट्रिशियन. ज्योतीने स्वतःच्या मर्जीने लग्न केलं, तेव्हापासून बहिणीशी अबोला. दोन वर्षं झाली. अक्षय तृतीयेला भावाने मुराळी होऊन बहिणीला माहेरी आणायला जायचं, ही रीत सौ.ला सुचते. त्या दोघांना कोण सांगणार.

२४ एप्रिल
गोडादऱ्याचं भाडं सोडलं, रिक्षा सावलीत लावली. मोबाईलवर दोन्ही गावांमधलं विमान शोधलं. गावांची नावं जिभेला वळत नाहीत, एकेक अक्षर टाकलं. सुटतं १०.००, पोहोचतं १०.४०. म्हणजे चाळीस मिनिटं. ट्रॅफिक असलं की इथे शहरातल्या शहरात लिंबायत ते भेस्तान मला तेवढीच लागतात. डोकंच फिरलं.

२५ एप्रिल
भूषणला नको तेवढं बोललो. चाळीस मिनिटांवर बहीण अन्न टाकून बसलीय आणि तू ढिम्म. भाऊ म्हणवतोस?
तो म्हणाला, "आप्पा, माझ्या दारात येऊ नको असं तीच म्हणाली होती."
फोन ठेवला त्याने.

२६ एप्रिल
भूषणचा मेसेज. "आप्पा, नऊशे किलोमीटर आहे. चाळीस मिनिटांत जायला ते काय रॉकेट आहे? तिचं घड्याळ माझ्यापेक्षा तासभर मागे. खरे एक तास चाळीस मिनिटं. विमान आठवड्यातून तीनदा, तेही हवा चांगली असली तर."
तीस वर्षं रिक्षा चालवतो आणि किलोमीटर बघितले नाहीत. लाज वाटली. "चुकलं माझं" एवढं लिहिलं. आणखी लिहायचं होतं, पण जमेना.

२८ एप्रिल
त्याने तिकीट काढलं. आपणहून. बुधवारचं, ऐन आखाजीचं. "तिला सांगू नका. नको म्हणाली तर माझा पाय उचलणार नाही." शब्द दिला.
सौ. देवापुढे बसून रडली. मी तिच्यावर खेकसलो, मग माझंच भरून आलं.

३० एप्रिल, आखाजी
सौ.ने सांजोऱ्या केल्या. मी सारखा घड्याळ बघतोय. तो विमानतळाकडे निघाला असेल.

१ मे
सकाळी चहा व्हायच्या आत भूषणचा फोन. "आप्पा, तिच्या गावावर पोहोचलो होतो. खाली नुसतं धुकं. पायलटने दोन घिरट्या घातल्या आणि माघारी फिरला. माझ्याच गावी उतरलोय." पुढचं विमान शुक्रवारी. जाशील का, हे मी विचारलं नाही.
तासाभराने ज्योती. किती दिवसांनी आपणहून बोलली. "आप्पा, आज विमान दोनदा डोक्यावरून फिरलं, उतरलंच नाही. मी खिडकीत उभी होते. कोण बिचारं इथवर आलं असेल आणि तसंच परत गेलं."
"असेल कुणाचं तरी माणूस," म्हणालो.
सौ. तिला सांगायला फोन मागत होती. दिला नाही.