बेरी निघेपर्यंत सरकार थांबत नाही

मी, नेलिडा बारोस, वय सव्वीस, राहणार वेअरहॅम, मॅसॅच्युसेट्स, क्रॅनबेरीच्या मळ्याची मालकीण आणि घरातली पहिली पदवीधर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. दडपण होते ते न लिहिण्याचे. आईच्या मते या वयात मृत्युपत्र करणे म्हणजे मरणाला घराचा पत्ता कळवणे. मला कसलाही आजार नाही. आजोबा काही न लिहिता गेले आणि पुढे काय झाले ते मी पाहिले, एवढे कारण मला पुरे.

१. माझा चौदा एकरांचा मळा, पंपघर व राहते घर धाकटी बहीण झेनाइदा हिला मिळावे. आईला त्या घरात हयातभर राहण्याचा हक्क राहील. या मृत्युपत्राची अंमलबजावणी झेनाइदानेच करावी. ती वीस वर्षांची आहे, एवढ्यावरून कोणी तिच्या हातातले कागद काढून घेऊ नयेत.

२. आजोबा जानेवारी २०१९ मध्ये वारले. वारसा कर भरायला नऊ महिने होते, म्हणजे ऐन काढणीचा ऑक्टोबर. जुव्हेनालकाकांनी मुदतवाढीचा अर्ज केला. सहा महिने वाढवून मिळाल्याचे पत्र आले आणि बाबांनी ते फ्रिजवर चिकटवले. आमच्या धंद्यात पंप दुरुस्त करणारा, मधमाश्यांच्या पेट्या आणणारा, सगळेच काढणीनंतर सहकारी संस्थेची रक्कम येईपर्यंत थांबतात. सरकारही थांबेल, असे दोघे धरून चालले. मुदत विवरणपत्राला मिळाली आहे, पैशांना नाही, हे मी पत्र वाचून सांगितले. काका म्हणाले,

“दोन वर्षं कॉलेजात गेलीस आणि आता सरकारचं मन ओळखायला लागलीस? बेरी निघू दे, मग बघू.”

बेरी निघाली. पाठोपाठ व्याजाची आणि दंडाची नोटीस आली. वरचा मळा तळ्यासकट वाळू काढणाऱ्या कंपनीला विकावा लागला. आज तिथे खड्डा आहे. बाबा पुढे तीन वर्षे जगले, पण त्या बाजूच्या बांधावर कधी गेले नाहीत.

३. म्हणून झेनाइदा, नीट वाच. नऊ महिने माझ्या मृत्यूच्या तारखेपासून मोज. दफनापासून किंवा कोर्टाने तुला नेमल्यापासून नाही. आपल्या घरी तिसाव्या दिवसाची प्रार्थना होईपर्यंत मेलेल्याच्या कपाटाला हात लावत नाहीत. तू आठव्या दिवशी उघड, कागद तिथेच आहेत. जमिनीचे मूल्यांकन लांबले तर विवरणपत्राला मुदतवाढ घे, पण कराची अंदाजे रक्कम त्याच नऊ महिन्यांत भर. पैसे खरोखरच नसतील, तर भरणा लांबवण्यासाठी वेगळा अर्ज असतो. तो मुदतीच्या आत, कारणे देऊन कर. मंजूर झाला तरी व्याज चालूच राहते. बाबा गेले तेव्हा मी असेच केले आणि वीतभरही जमीन विकली नाही.

४. माझ्या विम्याची रक्कम फक्त या करासाठी वापरावी. तिच्यातून संगमरवरी दगड आणू नये. येणाऱ्यांना आपला मका-घेवड्याचा काचुपा पोटभर वाढावा, खुर्च्या चर्चकडून मागून आणाव्यात.

५. वाळूच्या कंपनीचा माणूस दर वसंतात फुले घेऊन आईकडे येतो. कराची भीती घालून तो उरलेला मळाही मागेल. त्याला बसा म्हणू नये. करावर माझा राग नाही. माझी शिष्यवृत्ती अशाच पैशांतून आली होती. तो पुरता भरावा, वेळेवर भरावा, आणि मळा आपल्याकडेच ठेवावा.

६. पदवीचे प्रमाणपत्र आईचे. ती ते चुलीवरच्या भिंतीला लावणार असेल, तर लावू द्यावे.

७. जुव्हेनालकाकांना मी काहीही देत नाही. आधी हे रागाने ठरवले होते. मग ते स्वतःच साक्षीदार व्हायला आले, आणि साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये असा नियम आहे. मी त्यांना म्हटले, “काका, सही करायची तर आधी सगळं वाचावं लागेल. दुसरं कलमसुद्धा.” ते घरी जाऊन चष्मा घेऊन आले.

वरील मजकूर माझा आहे. खाली नावे असलेल्या दोघांसमोर मी त्यावर सही केली आहे.

नेलिडा बारोस
वेअरहॅम, ८ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार:

ओडेट फोन्टेस, ग्रंथपाल

जुव्हेनाल बारोस
(सहीखाली त्यांच्याच हातचे) कलम दोन खरं आहे. ते पत्र मी नुसतं पाहिलं होतं, वाचलं नव्हतं.