झाकणाच्या आतला अंगठा

१२ जून

ती. स्व. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

कान कसे आहेत हे विचारणं मी सोडलंय, कारण आहेत तिथेच आहेत एवढंच तू दर वेळी लिहितोस.

ह्यांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा चालू आहे. बाहेर येतात तेव्हा पायांत त्राण नसतं, आणि पुढे दोन बस बदलायच्या. परवा थांब्यावर भोवळ येऊन माझ्या अंगावरच कोसळले. तेव्हाच ठरवलं, जुनी का होईना, गाडी घ्यायची. शिवणकामातून साठवलेलं सगळं काढलंय. हे एकदाच काढता येईल, पुन्हा नाही.

इंटरनेटवर एक निळी गाडी सापडली आहे, अगदी स्वस्तात. मालकाची म्हणे लांब बदली झाली. गाडी गोदामात आहे, अर्धे पैसे आधी पाठवले की दारात आणून देतात. तो सारखा मागे लागलाय. मी सांगून टाकलं, माझा भाऊ चाळीस वर्षं गाड्यांचा पत्रा ठोकून रंगवत आलाय, त्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय दमडी मिळणार नाही. मग भावाला फोनवर विचारा म्हणाला. ठोकून ठोकूनच त्याचे कान गेलेत, तो मोबाईल बाळगत नाही, आमचं सगळं टपालानेच चालतं, असं मी त्याला सांगितलं. फोटो छापून सोबत पाठवते. भिंग घेऊन बैस.

माया आहे तेवढी राहू दे.
तुझी धाकटी

१५ जून

चि. धाकटीस अ. उ. आ.

आधी तुला चांगलं फैलावर घेणार होतो. न पाहिलेली गाडी, एवढी स्वस्त, वर पैसे आधी. माझी बहीण म्हणवतेस ना गं?

पण अकराव्या फोटोशी थांबलो. पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडं आहे आणि त्याच्या आतल्या बाजूला रंगात अंगठा उमटलाय. अगं, तो माझा आहे. काम मनासारखं झालं की रंग ओला असतानाच मी तिथे अंगठा टेकवायचो, गिऱ्हाइकाला न सांगता. माझ्या अंगठ्यावरच्या ज्या खाचेला तू लहानपणी हसायचीस, ती खाचसुद्धा भिंगातून दिसली. गाडी कुणाची ते आठवत नाही, हाताखालून गेल्यात त्या काय थोड्या आहेत? पण उजवं दार कुठे दबलं होतं ते झोपेतसुद्धा सांगेन. आता आणखी चौकशी कसली करायची. डोळे झाकून घे.

तो फोटो मी खिशात ठेवलाय, भेटेल त्याला दाखवतो. मेव्हण्यांना म्हणावं, पुढच्या सीटवर बसायची तयारी ठेवा.

आशीर्वाद नेहमीचेच, आज जरा जास्त.
तुझा दादा

१८ जून, दुपार

चि. धाकटीस अ. उ. आ.

हे तुझ्या हाती पडेपर्यंत उशीर झालेला असेल की काय, कळत नाही. आज तो फोटो गुरांच्या डॉक्टरांना दाखवला. ते हसले आणि मला दवाखान्यामागे घेऊन गेले. गाडी तिथेच उभी होती, टपावर मांजर झोपलेलं. दोन वर्षांपूर्वी विकायचं मनात होतं म्हणून त्यांनी हे फोटो इंटरनेटवर टाकले होते, मग विचार बदलला. ते कुणीतरी उचलले आणि तुला दाखवले. गाडी खरी, अंगठाही खरा, विकणारा तेवढा खोटा. गाडी बघू देत नाही आणि पैशांची घाई करतो, तो भामटाच, हे दुसऱ्या कुणाला मी उभ्या उभ्या सांगितलं असतं. स्वतःचा अंगठा बघून हुरळलो. लाज वाटते गं.

डॉक्टरांनी तुझा नंबर लावून दिला. बोलणार मीच म्हणून हट्ट धरला, कारण माझ्याच शब्दावर तू पैसे देणार होतीस. तेवढ्यात त्यांना आत बोलावणं आलं. गाडी इथे उभी आहे, पैसे पाठवू नकोस, असं मी तीनदा ओरडलो आणि ठेवून दिला. पलीकडे तूच होतीस का, काय बोललीस, काही समजलं नाही. नंतर डॉक्टरांनी दोनदा लावला तर सारखा गुंतलेला. मग ते बाहेरगावी निघून गेले.

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितोय. शिव्या घालायच्या असतील तर मोठ्या अक्षरात घाल.

तुझा दादा

१८ जून, संध्याकाळ

ती. स्व. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

पैसे जागेवर आहेत. हे पहिल्यांदा.

तुझं पत्र सकाळी मिळालं. दुपारी मी पैसे पाठवायला बसले. आकडा घालून झाला होता, शेवटचं बटण तेवढं राहिलं होतं, आणि फोन वाजला. सहा वर्षांनी तुझा आवाज फोनवर ऐकला. एवढा मोठा की हे आतल्या खोलीतून उठून बाहेर आले.

तू ठेवलास आणि लगेच त्या गाडी विकणाऱ्याचा आला. मी म्हटलं, झाकणातल्या अंगठ्याशेजारी आजचं वर्तमानपत्र धरून फोटो पाठवा. अर्धा तास हुज्जत घातली, आधी गोड बोलून, मग आवाज चढवून. शेवटी त्यानेच फोन आपटला.

तू आता स्वतःला बोल लावत बसला असशील. नको बसूस. तो अंगठा वाचून मीही हुरळलेच होते. आता हात लावून बघता येईल अशी गाडी इथेच शोधू, पण त्यासाठी तुला यावं लागेल. तू पत्रा बघ, इंजिन मी ऐकेन. तोवर बस आहेच. थांब्यावर घरचं स्टूल घेऊन जाऊ, असं हे म्हणतात.

एक राहिलंच. तू ओरडत होतास तेव्हा मी दर वेळी ‘ऐकलं, दादा, ऐकलं’ असं म्हणत होते, आणि तू ठेवून दिलास. तुझ्यापर्यंत ते पोचलं नसणार. म्हणून लिहिते.

ऐकलं.

तुझी धाकटी