विंगेतला शाप

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

नीलाताईंनी माझी म्हातारी पळवली.

माझीच म्हातारी! इथल्या, आखातातल्या आमच्या मराठी मंडळाचं यंदाचं नाटक मी लिहिलंय. दोन हजार वर्षांपूर्वीचं ब्रिटन, ओकच्या राईतलं देवीचं ठाणं, तिथल्या पुजारणींच्या तीन पिढ्या — आजी, आई, नात — आणि त्यांच्यावर चालून येणारे रोमन. थोरली पुजारीण मी लिहितानाच स्वतःच्या मापाने बेतली होती. आज सबाह अल-सालेमला नीलाताईंच्या घरी वाचन झालं आणि चहा यायच्या आतच त्या म्हणाल्या, "म्हातारी मी करते. राजश्री, तुझा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही गं. तू प्रॉम्प्टिंग कर. तुला तर सगळं पाठच आहे."

मंडळाच्या अध्यक्ष त्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यात माझा नवराही. विश्वासला रोमन सरदार मिळालाय ना! परत येताना गाडीत म्हणतो, "लेखकाने मागेच राहावं, शोभून दिसतं."

नातीचं काम अक्षरा करणार आहे. आमचीच लेक. तेवढी एक मागच्या सीटवरून म्हणाली, "दॅट्स सो अनफेअर, ममा."

रविवार, ५ ऑक्टोबर

लॅबमध्ये असमाला सगळं सांगितलं. ती रत्नागिरीची, नाटकाचे पोशाख शिवून घ्यायचं तिनेच अंगावर घेतलंय. "जाव दे गो," म्हणाली, "नाटकच हाय ना!"

कसलं नाटकच. माझं तोंडचं काढून घेतलंय बाईने.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

तालीम. नीलाताईंना मध्ये जोगवा हवाय. "ब्रिटनच्या देवीचं आपल्या लोकांना काय कौतुक? परडी घेऊन एक जोगवा टाकू, टाळ्या येतील." म्हटलं, ताई, या पुजारणी जोगवा मागत नव्हत्या. तर म्हणे, "मग खात काय होत्या?" सगळे हसले. हसा.

या बायका काही लिहून ठेवत नसत. मंत्र, औषधं, कुळाची नावं, शाप, सगळं तोंडी. थोरलीने धाकटीच्या कानात सांगायचं, तिने पुढचीच्या. ती साखळी तुटली की संपलं. माझा शेवटचा प्रवेश तोच आहे: राई पेटलीय, थोरली नातीला जवळ घेते आणि शेवटचा शाप सांगते. नेमका तोच नीलाताईंच्या डोक्यात राहत नाही. बाकी सगळं घडाघडा. तिथे आल्या की पदर सारखा करायला हात खांद्याकडे जातो (अंगावर पदर नाहीच, असमाने शिवून आणलेला घोंगडीसारखा झगा आहे!) आणि डोळे विंगेत माझ्याकडे. मी पहिले दोन शब्द टाकते, की गाडी सुरू.

घरी येऊन भाजी चिरताना तो शाप मीच पुरा म्हटला, हवा तसा. अक्षरा फ्रिजपाशी फोन बघत उभी होती. फरसबीचा पार भुगा झाला.

शनिवार, १ नोव्हेंबर

ठरलं. प्रयोगाच्या दिवशी शब्द टाकायचा नाही.

काही करायचं नाही, कुणाला काही बोलायचं नाही. नुसतं गप्प बसायचं. प्रॉम्प्टरने शब्द दिला की नाही, प्रेक्षकांना कुठे कळतं? उभी राहू दे तिला दिव्यांखाली, खांदा चाचपत.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

बरं वाटतंय. फार दिवसांनी गाढ झोप लागली.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

रंगीत तालीम. काल जरा डळमळले होते, खरं सांगते. आपलंच नाटक, आपणच पाडायचं? पण आज सगळ्यांसमोर नीलाताई अक्षराला म्हणाल्या, "तोंड उघडून बोल. आईसारखं पुटपुटू नकोस."

पोरीचा चेहरा उतरला. मी फाइलमध्ये मान घातली. आता देवी स्वतः आली तरी माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर

काल प्रयोग झाला. शाळेचं सभागृह भरलं होतं, अर्दियाकडची मंडळीसुद्धा बस करून आली होती. पहिल्या घंटेआधी नटराजाची पूजा झाली, नारळ फुटला. मी हात जोडले आणि चक्क वाईट मागितलं.

दोन अंक नीलाताई छान बोलल्या. छानच, का खोटं लिहू? मग शेवटचा प्रवेश. लाल दिवे, धूर. विश्वास पुठ्ठ्याचं शिरस्त्राण घालून मागे उभा. अक्षरा गुडघ्यांवर बसलेली, तोंड माझ्या विंगेकडे. नीलाताईंनी तिचा हात धरला, तोंड उघडलं आणि झालं. हात खांद्याकडे गेला. डोळे माझ्याकडे.

मी फाइल मिटली. त्यांच्या डोळ्यांत बघत मिटली.

काय शांतता पसरली! कुणीतरी खोकलं. त्यांच्या ओठावर घाम दिसत होता. पुन्हा माझ्याकडे पाहिलं, लहान पोर बघतं तसं. मला गोड वाटलं. लिहूनच ठेवते, मला गोड वाटलं.

आणि अक्षराने त्यांना खाली ओढलं, आपला कान त्यांच्या तोंडाला लावला, जणू म्हातारी कानात सांगतेय. मान हलवली. उठून उभी राहिली आणि लोकांकडे तोंड करून अख्खा शाप म्हणाली: "आग लावणाऱ्याला माझा शाप नाही, तो परकाच होता. माझा शाप आपल्यातल्या त्याला, ज्याच्याजवळ शब्द होता आणि जो गप्प बसला."

एक काना इकडचा तिकडे नाही. मी तिला तो कधीच शिकवला नव्हता. घरात 'पाणी दे'सुद्धा इंग्रजीत म्हणणारी पोरगी! मागच्या रांगेपर्यंत आवाज गेला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, नीलाताई तिला कवटाळून रडत होत्या, आणि सूड घेऊन मी तिथे मिटलेली फाइल धरून उभी. एवढं करून टाळ्या त्यांनाच.

अक्षराने माझ्याकडे पाहिलं नाही. गाडीतही नाही. दमली असेल.

रविवार, २३ नोव्हेंबर

सकाळी नीलाताईंचा फोन. "राजश्री, माफ कर गं. तू दोनदा शब्द दिलास म्हणे, अक्षरा सांगत होती. मला ऐकूच आलं नाही. ह्या आठवड्यात कान तपासून घेते."

अक्षरा समोर बसून टोस्ट खात होती. मी म्हटलं, "हो ताई, घ्या तपासून."