बटन्स गलोर आणि माझी खोली

४ जून
दुकानावर नवी पाटी चढली. ‘बटन्स गलोर’. बटणं विकण्यात जन्म गेला, तो शब्द कळला. दुसरा काय आहे? मुलगा म्हणाला, “म्हणजे ढिगानं, आई. चिक्कार!” मग चिक्कार लिही ना! तर म्हणे, गिऱ्हाइकाला भारी वाटतं.

५ जून
ढिगानंच आली. खोकी दुकानात मावेनात. सून गोड आवाजात — “आई, थोडीशी तुमच्या खोलीत ठेवू?” थोडीशी! पाटीवर काय लिहिलंय, बाई?

८ जून
नात कॉलेजात भाषा शिकते. तिला विचारलं. “आजी, तो शब्द मूळचा इंग्रजी नाहीच. आयर्लंडच्या लोकांचा. त्यांच्यात अर्थ — पुरेसं.”
पुरेसं? आणि ढीग? एकच शब्द? “इंग्रजीत जाऊन फुगला,” म्हणाली. शिवाय वस्तूच्या मागून येतो म्हणे. आधी बटणं, मग गलोर. आमच्या ह्यांच्यासारखा — आधी सामान घरात, मग स्वारी हसत मागून!
पण पुरेसं होतं त्याचा ढीग नक्की कितव्या खोक्याला झाला? डोकं भणभणलं.

९ जून
अजून तोच शब्द डोक्यात. भाजी करपली.

१२ जून
खोक्यांमागे खिडकी गेली. पलंगाची एक कड उरलीय मला. मुलगा — “थोडेच दिवस, आई.” सून — “ताईंकडे राहून या की, तेवढाच बदल!” लेकीकडे जाईन, आणि परत येईन तेव्हा पलंगही नसेल. एवढी दूधखुळी नाही मी.

१३ जून
दुकानाची जुनी रीत — खणात जे बटण, त्याचा नमुना बाहेर चिकटवायचा. हमाल काही विचारत नाही. खोक्यावरचं बटण बघतो, तसंच जिथे दिसेल तिथे खोकं उतरवतो.
आज माझ्या दारावर काळं बटण! सुनेला विचारलं, ती मुलाकडे बघते, मुलगा चपलांकडे. मी माणूस की खण?

१४ जून
सकाळी दोघं दुकानात गेली. सुरीनं बटण उचकटलं, त्यांच्या खोलीच्या दारावर चिकटवलं. दुपारी काळ्या बटणांची गाडी आली. हमालानं काही विचारलं नाही.
संध्याकाळी मुलगा ओरडला, “आई, पुरे आता!”
त्याला कळला वाटतं तो शब्द. मला अजून नाही.