सलीलची साईट आणि देवूचा कान

वादी अदाई, मस्कत
१० जानेवारी २०२५

चि. देवूस,
अनेक आशीर्वाद, आणि दोन्ही गालांवर थंडीची एकेक पापी.

आमची शेजारीण श्वेता उद्या गोव्याच्या विमानाने निघते आहे. तिच्या पर्समध्ये हे पत्र आणि तिच्या बॅगेत तुझा खजूर. ती सावंतवाडीला आली की तिला चहा दे. तुझ्या कानांची तिला कल्पना आहे, ती हळू बोलेल. फोनवर तुला माझं निम्मंच पोचतं आणि तू हो हो म्हणत राहतेस, त्यापेक्षा हे बरं. बेळगावला बोर्डिंगात सिस्टर बेनेडिक्टा दर रविवारी घरी पत्र लिहायला बसवायच्या, तशी मी इथे दर शुक्रवारी बसते. इथला रविवार शुक्रवारीच असतो.

बातमी अशी, की सलीलने इथल्या गाला भागातली नोकरी सोडली. लगेच देव पाण्यात घालू नकोस. तो आणि त्याचा मित्र अरमान मिळून एक साईट काढतायत. कॉम्प्युटरवरचे पैसे असतात ना, क्रिप्टो, त्यातलं त्यांनी स्वतःचं एक नाणं तयार केलंय. लोक ते विकत घेणार आणि क्रिकेटच्या मॅचवर लावणार. तुझे भावोजी म्हणाले, सरळ जुगार म्हण की. सलील म्हणाला, बाबा, याला गेमिंग म्हणतात. इथल्या कायद्यात हे बसत नाही, म्हणून कंपनी कुठल्याशा बेटावर नोंदवली आहे. मी त्या बेटाचं चित्र मनात रंगवते. पांढरी वाळू, माड, आणि एका टेबलाशी एकटाच पेंगत बसलेला कारकून.

भांडवलासाठी तो इथल्या मराठी कुटुंबांना हिस्से विकतो आहे. आणि देवू, त्यात मलाही काम आहे! छापील प्रमाणपत्रं स्वस्त दिसतात म्हणतो. त्याने जाड, सायीच्या रंगाचा कागद आणला आणि मला निब आणि शाई. प्रत्येकाचं नाव आणि हिस्सा मी आपल्या कॉन्व्हेंटच्या अक्षरात लिहिते. आधी वहीत एकदा गिरवून पाहते, मग कागदावर. लोक घरी येतात, शिरा खातात, कागद दोन्ही हातांनी घेतात. तृप्तीने तर फ्रेम करून बैठकीत लावला. लिहिताना समोरचे उघडे तांबूस डोंगर मऊ दिसायला लागतात, आणि मला तळ्याकाठी आपण घ्यायचं म्हणतो ते घर दिसतं. दोन खोल्या, एक खिडकी, खिडकीत तू आणि मी. सलील म्हणतो, दिवाळीपर्यंत.

लोभ आहेच तुझा, तो उन्हाळ्यातही आटू देऊ नकोस.
तुझी ताई, किशोरी


सावंतवाडी
२ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

श्वेता आली. इतकी हळू बोलली की मला वाटलं तिलाच बरं नाही. खजूर संपत आला.

तुझ्या अक्षराचा मला अजून मत्सर वाटतो. सिस्टर बेनेडिक्टा तुझी वही वर्गभर फिरवायच्या आणि माझ्या अक्षरांच्या शेपट्यांवर पट्टी मारायच्या. पुढे तीस वर्षं मी मुलींना इंग्रजी शिकवलं ते त्याच शेपट्यांनी! आणि सलीलचं म्हणशील, तर मला नवल वाटलं नाही. सातवीच्या सुट्टीत इथे आला होता तेव्हा आपल्या विहिरीतलं कासव दाखवायला त्याने आळीतल्या मुलांना आठ आणे तिकीट लावलं होतं. विहिरीत कासव नव्हतंच. तरी मुलं वाकून वाकून बघत होती, आणि दोघांना ते दिसलंसुद्धा.

आता माझं ऐक. कानात यंत्र बसवायला मी आठ लाख साठवलेत, तुला माहीत आहे. बेळगावच्या डॉक्टरांनी चोवीस मार्चची तारीख दिली आहे. उशीर करू नका, कानाची नस झोपी गेली की उठवणं कठीण, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं, कारण बोललेलं मला कळलं नाही. पण ताई, तुझं तळ्याकाठचं घर वाचल्यापासून मला दुसरं काही दिसत नाही. परवा मोती तलावाकाठी बसले होते. पाणी हलत होतं, आवाज नव्हता. वाटलं, इथे तू शेजारी असलीस तर नाही ऐकू आलं तरी चालेल.

तर हे आठ लाख सलीलला देते. कान दिवाळीपर्यंत थांबेल. माझ्या कागदावर नाव लिहिताना शाई सांडू नकोस.

भावोजींना नमस्कार. माझ्यावरची माया आहे तशीच राहो.
तुझी देवू


वादी अदाई, मस्कत
२१ फेब्रुवारी २०२५

चि. देवूस,
आशीर्वाद, आणि उरलेली जागा भरून प्रेम.

तुझं पत्र मी सलीलला वाचून दाखवलं. त्याने मला उचलून गोल फिरवलं. हे ओरडले, अरे तिची कंबर! सलील म्हणाला, मावशीचा हिस्सा सगळ्यांत मोठा, चौदा टक्के, आणि दिवाळीत मावशीचा कानही होईल आणि घरही. तुझ्या डॉक्टरांचं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, सहा महिन्यांनी काही होत नाही. मलाही ते खरं वाटलं. खरं वाटावंसं वाटलं म्हण.

मला तो गाला भागातलं त्यांचं नवं ऑफिस दाखवायला घेऊन गेला. खाली गॅरेज, वर दोन खोल्या. भिंतीएवढा पडदा, त्यावर निळ्या अंधारात नाणी अशी फिरत होती, जशा चांदण्या पाण्यात विरघळाव्यात. मी किती वेळ बघत उभी होते कोण जाणे. गॅरेजातला मेकॅनिक अमीन चहा घेऊन वर आला. हात काळे, डोळे चमकत होते. हिंदीत विचारत होता, खाला, कब चालू होगा, मैंने लगाने को दो महीने की तनख़ा रखी है. मला बरं वाटलं. एवढा विश्वास बाहेरच्या माणसाचा!

क्रिकेटचा हंगाम मार्चअखेर सुरू होतो, त्याआधी साईट उघडायची. पैसे त्याच्या भारतातल्या खात्यावर बारा मार्चपर्यंत यावेत म्हणतो. तुझा कागद मी सगळ्यांत शेवटी लिहिणार. चांगलं ते शेवटी राखून ठेवायची माझी सवय तुला ठाऊक आहे.

आठवण ठेव, आणि ठेवतेस तशीच ठेव.
तुझी ताई


वादी अदाई, मस्कत
१२ मार्च २०२५, सकाळी

देवू,

आशीर्वाद नंतर. हे पत्र फोटो काढून फोनवर पाठवते आहे, कोणी येणाऱ्या-जाणाऱ्याची वाट बघायला वेळ नाही. पैसे पाठवू नकोस. बँकेत निघाली असशील तर परत फीर.

आज तुझा कागद लिहायला बसले. चौदा टक्के हा आकडा इतरांच्या शेजारी कसा दिसेल हे बघायची मला हौस वाटली, म्हणून गिरवण्याची वही उघडली. सगळी नावं, सगळे हिस्से तिथे होते. लाडाने बेरीज करायला घेतली, देवू, फक्त लाडाने. एकेचाळीस कागदांचे मिळून एकशे अठरा टक्के होतात. तुझे चौदा वेगळे. आणि सलील-अरमानचा निम्मा हिस्सा आहे म्हणतात, तो वेगळाच. सगळी कंपनी शंभरात संपते, हे मला सिस्टरांच्या गणितातूनही कळतं. तीनदा बेरीज केली. नावं मीच लिहिली, आकडे मीच लिहिले, आणि अक्षर वळणदार येतंय ना एवढंच बघत राहिले.

सलीलला उठवून विचारलं. तो चिडला नाही, समजावत बसला, तेच मला जास्त लागलं. आई, लाँच झालं की नवे हिस्से काढायचे आणि सगळ्यांना बसवून घ्यायचं, या धंद्यात सगळे असंच करतात. एकदा चालू झालं की खलास, काम फत्ते, इन्शाल्ला सगळे श्रीमंत. मी विचारलं, पण पैसा येणार कुठून? तो म्हणाला, हरणाऱ्यांकडून, आणि हरणारे नेहमीच जास्त असतात, म्हणूनच तर हिस्सा घ्यायचा. इतकं साधं आहे ते. माझ्यासमोर अमीनचे काळे हात आले.

तुझं नाव मी लिहिणार नाही. चोवीस तारखेला बेळगावला जा. बाकी मी बघते.
ताई


सावंतवाडी
१४ मार्च २०२५

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी बँकेतच होते. फॉर्मवर सही झाली होती, माझ्यापुढे दोन माणसं होती. पर्समध्ये फोन थरथरला. तुझं पत्र मी तिथल्या बाकावर बसून वाचलं. नंबर आला, पुकारला असेल, मला काय कळणार. शेवटी शिपायाने खांद्याला हात लावला. मी फॉर्म फाडून त्याच्या हातात दिला.

तुझा राग आला, खोटं कशाला सांगू. घर गेलं म्हणून नाही. सलीलबद्दल ही गोष्ट आता मला माहीत झाली म्हणून. मी त्याला कासवाच्या तिकिटाचे आठ आणे दिले होते, ताई, आणि हसले होते. तेव्हाच कान धरायला हवा होता.

पण त्या एकेचाळीस घरांचं काय? माझं एकटीचं नाव गाळून भागणार नाही. तू त्यांच्याही बैठकीत आहेस, फ्रेम करून.

बेळगावला जाते. पाठीवर हात असू दे.
देवू


वादी अदाई, मस्कत
१८ एप्रिल २०२५

चि. देवूस,
अनेक आशीर्वाद. ऑपरेशन नीट झाल्याचं कळलं, देवापुढे साखर ठेवली. यंत्र अजून चालू करायचं आहे, तोवर हे वाचण्यापुरतं.

तुझ्या पत्रातली ती फ्रेम मला झोपू देईना. मी सलीलला म्हटलं, लोकांना तूच सांग. आठ दिवस दिले. तो आणि अरमान म्हणत राहिले, लाँचपर्यंत थांब. मग मी शाई काढली आणि एकेचाळीस पत्रं लिहिली, त्याच अक्षरात. तुमच्या कागदावर माझ्या हातचं जे आहे ते खरं नाही, पैसे परत मागा, असं. हे मला गाडीतून घरोघर घेऊन गेले. प्रत्येक दारात मी स्वतः उतरले.

तृप्तीने भिंतीवरून फ्रेम काढून दिली आणि पाणी विचारलं. तिचा नवरा स्वप्निल म्हणाला, काकू, आम्ही सलीलला नाही, तुम्हाला बघून दिले होते. काही घरांत मला आता बोलावत नाहीत. ते बरोबरच आहे.

साईट उघडली नाही. अरमान दुबईला गेला. निम्मे पैसे शिल्लक होते ते लगेच वाटले. उरलेल्यांसाठी यांनी अर्बाबकडे, म्हणजे त्यांच्या मालकाकडे, ग्रॅच्युइटी आधीच मागितली. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं, आणि त्याने दिली. तरी नऊ घरांचे राहतात. तळ्याकाठचं घर आता मी स्वप्नात बघितलं तरी खिडकी बंद असते.

सलील एवढंच म्हणाला, दुसरी कुठलीही आई थांबली असती. बॅग भरून सहम नावाच्या लांबच्या गावी गेला. तिथे एका भाजीच्या होलसेल दुकानात काम करतो. पाडव्याला पुरणपोळ्या केल्या, आला नाही. फोन घेत नाही. गेल्या शुक्रवारी आम्ही समुद्राच्या कडेकडेने सहमला गेलो. दुकानासमोर गाडीत बसून राहिलो. पहाटेचं धुकं असावं तशी धूळ होती, आणि तिच्यात तो कांद्याची पोती उचलत होता. पाठ यांच्यासारखीच वाकते. मी दार उघडलं आणि पुन्हा लावलं. तसेच परत आलो.

मी चूक केली का ते विचारत नाही. फक्त तो मला मुलगा म्हणून परत मिळेल का, एवढंच रोज मनात येतं.

माया कर. सध्या जरा जास्त कर.
तुझी ताई


सावंतवाडी
१७ मे २०२५

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

यंत्र चालू होऊन तीन आठवडे झाले. ऐकू येतं, पण जग पत्र्याच्या डब्यात बसून बोलतं. कावळा आणि पोस्टमन यांच्यात मला फरक करता येत नाही. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, हळूहळू माणसांचे आवाज माणसांसारखे होतील. पाण्याखालून वर येत असल्यासारखं वाटतं दिवसभर. काल नळ ठिबकत होता तो बंद न करता ऐकत बसले.

आता खरं सांगायचं ते. मंगळवारी दुपारी फोन वाजला. नंबर तिकडचा. मी उचलला, पलीकडे पत्रा खरवडल्यासारखं काही होतं. कोण बोलतंय काही कळेना. मग त्यात मावशी असा शब्द आला, आणि मी खुर्चीत बसले.

त्याला यंत्राचं ठाऊक नव्हतं, ताई. मला ऐकू येणार नाही म्हणूनच त्याने मला फोन केला होता. काही विचारत नव्हता, थांबतही नव्हता. निम्मे शब्द माझ्या हातून गळाले, पण निम्मे मिळाले. तुमची गाडी त्याने पाहिली होती. पोत्यांमागे जाऊन उभा राहिला, तोंड दाखवायची हिंमत झाली नाही. पहिल्या पगारातून स्वप्निलला थोडे पाठवले आहेत, नऊ घरांची यादी खिशात ठेवतो. आईने लिहिलेलं पत्र तृप्तीने त्याला दाखवलं, ते वाचून झाल्यावर आपल्याला राग धरता येईना, असं काहीसं म्हणाला. आणि मग दोनदा विचारलं, कोणाला विचारत होता कोण जाणे, आई दुपारी जेवते का म्हणून.

मी नुसती हूं हूं करत राहिले, पूर्वीसारखी. मला आता ऐकू येतं हे त्याला सांगितलं नाही. सांगितलं तर पुन्हा फोन करणार नाही. तूही इतक्यात सांगू नकोस.

काल परत फोन केला त्याने. मी लिहून ठेवते आहे सगळं तुझ्यासाठी.

दुपारी जेवत जा. माझी माया तुझ्याकडे आहेच, सलीलची थोडी मी इथून देते.
तुझी देवू