आईच्या खोलीची खिडकी

तीर्थरूप आबांना गुंडाचा हैदराबादहून दंडवत.

पश्चिमेची खिडकी पाहिजेच, असं तुम्ही फोनवर परत म्हणालात. वाडग्यातली मेंढरं दिसायला म्हणे! अन् आईची नवी खोली दुपारभर भट्टी होईल, त्याचं काय?

आता ऐका. आमच्या ऑफिसात बिल्डिंग आधी कॉम्प्युटरात बांधतात, तिच्यावर वर्षभराचं ऊन सोडतात आणि विजेचं बिल किती येईल ते बघतात. चहा देता देता मी ललिता मॅडमना आपली खोली त्यात घालायला लावली. सोलापूरचं ऊनपण आहे की त्यात!

मॅडमनी विचारलं, "रात्री आत किती जण झोपतात?"

मी म्हणालो, "उन्हाळ्यात कोणी न्हाय, सगळे माळवदावर."

त्या हसल्या, "मग खोली कुणासाठी बांधताय?"

तेव्हा ध्यानात आलं, गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आईला शिडी चढवत नाही. ती एकटीच आत असते. मॅडमनी एक माणूस लिहिलं.

आणि जिंकलो, आबा! खिडकी उत्तरेला, पश्चिमेची भिंत जाड, स्लॅबवर पांढरा चुना, एवढ्यावर रात्री नुसत्या पंख्यावर भागतं. कूलरला पाणी तरी कुठनं आणणार होतो? मेंढरांचं वाडगंच उत्तरेला हलवा, बसल्या जागी दिसतील.

आईचा गुडघा अजून सुजतो का? ती खरं सांगत नाही, धाकट्या सोनालीला लिहायला सांगा. मी मजेत आहे. माझ्या खोलीला खिडकीच नाही, त्यामुळे भांडणच नाही.

गवंड्याला पत्र मिळताच थांबवा.

तुमचाच हट्टी,
गुंडा

भिंतीला आणि चुन्याला सात हजार पाठवतोय.